सेरेब्रल पाल्सी: घरच्या थेरपीत या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर आणि स्नायूंवर ताबा नीट न राहणं. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत अशा मुलाची थेरपी म्हणजे सकाळी तेल लावायचं आणि मुलाला आडवं पाडून हातपाय ओढायचे. मूल रडतं, आई घामाघूम होते, आजी म्हणते चांगली कसरत झाली. कसरत झाली ती आईची. दुसऱ्याने हलवलेल्या हाताने मूल काही शिकत नाही, आणि नुसत्या हाताने ताणून आखडलेला स्नायू टिकाऊ मोकळा होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मालिशने झोप लागत असेल तर खुशाल करा, फक्त ती थेरपीत मोजू नका. घोटा खरोखर आखडला असेल तर डॉक्टरांना टप्प्याटप्प्याने बदलायच्या प्लास्टरबद्दल विचारा.

चोपड्याकडचा एक पाच वर्षांचा मुलगा, उजवी बाजू कमजोर. दीड वर्ष रोज त्याची मूठ ओढून उघडणं चाललं, हात होता तसाच. मग कुणी सांगितलं, चांगला हात बांधा. घरच्यांनी तो ओढणीने दिवसभर बांधला. पोराने जेवण टाकलं, चिडून चावायला लागला. चांगला हात अडकवायची पद्धत खरी आहे, पण ती ठरलेल्या वेळेपुरती, हातमोजा घालून आणि त्या वेळात सोप्याकडून अवघडाकडे खेळ नेत. बांधून ठेवणं हा अर्धवट ऐकलेला शॉर्टकट आहे.

शेवटी त्यालाच विचारलं, काय यायला हवं? म्हणाला, केळं सोलायचंय. असं काम निवडावं: मुलाला हवंय आणि घरात रोज घडतंय. पाय जमिनीला टेकतील असा पाट किंवा खुर्ची, कोपराच्या उंचीचं टेबल. कमजोर हाताने धरायचं, चांगल्याने सोलायचं. पहिल्याच प्रयत्नात मुठीत केळ्याचा लगदा होतो, म्हणून आधी लाटणं धरायला द्या, मग जरा कडक केळं, पिकलेलं सगळ्यात शेवटी. देठाकडची साल सुरुवातीला तुम्ही चिरून द्या. मनगट खाली वाकलं की पकड ढिली पडते, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवा. आणि अडलं की लगेच हात धरून करून देऊ नका, दहापर्यंत मनात मोजा. ही शेवटची सूचना पाळणारे पालक फार थोडे.

असं एक काम जमायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. रोज वीस मिनिटं धरली तर दीड ते अडीच महिने. आठवड्यात फरक नाही म्हणून थेरपिस्ट बदलणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर लावावा.

दुसरी चूक जास्त महाग पडते: खुब्याचा एक्स-रे न काढणं. 'दुखत नाही ना, मग कशाला?' सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण दर तीन मुलांत एकाचा खुबा सरकतो, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येऊ लागतो. स्वतः बसताही न येणाऱ्या मुलांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. सुरुवातीला दुखत नाही, आणि नुसतं पाय हलवून पाहिल्याने खात्रीने कळत नाही. वय एक ते दोनच्या दरम्यान पहिला एक्स-रे, न चालणाऱ्या मुलांत पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसा. काढताना मूल सरळ उताणं, गुडघ्याच्या वाट्या छताकडे. पाय तिरके पडले तर माप चुकतं. रिपोर्टवर 'नॉर्मल' एवढंच नको, गोळा खोबणीबाहेर किती टक्के आहे ते लिहून मागा. ३० च्या वर असेल तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

बाकीचं थोडक्यात. चाकांच्या वॉकरमध्ये बसवून मूल चालायला शिकत नाही. जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या बंद चेंबरसाठी कर्ज काढू नका, त्याने सेरेब्रल पाल्सीत फायदा होत नाही.

पायाचा स्प्लिंट (घोटा सरळ धरून ठेवणारा साचा) उन्हाळ्यात उकडतो म्हणून मेभर कोनाड्यात पडतो आणि जूनमध्ये लहान झालेला असतो. सुती, विनाशिवणीचा मोजा घाला, टाच पूर्ण मागे बसवून घोट्याचा पट्टा आधी आवळा. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर फोम चिकटवत बसू नका, बनवणाऱ्याकडे परत न्या.

आणि दुधात कुस्करलेली भाकरी मांडीवर उताणं घेऊन, मान मागे टाकून भरवू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळलेलं दिसल्यावरच पुढचा. जेवताना खोकला किंवा घरघर होत असेल, वरचेवर न्यूमोनिया होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.