चालत्या नंदीच्या आकारात मारबतीचा व्हिडिओ

नागपुरात तान्हा पोळा आणि मारबत एकाच दिवशी. मोबाईलवर घेतलेली काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक पडद्यावर सरकणाऱ्या लाकडी नंदीच्या आकारातच दिसावी, बाकी सगळा अंधार, असं करायला पी-फाइव्ह जेएस (कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पुरतं. ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. जावास्क्रिप्ट थोडंफार यायला हवं, एवढंच.

नंदीचं चित्र पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी घ्या. जेपीजीत पारदर्शकता नसतेच, म्हणून नंदीऐवजी नुसता चौकोन सरकेल. रंग कोणताही चालतो. आपल्याला फक्त आकार हवा.

सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, १२८० बाय ७२० चा कॅनव्हास (चित्र उमटतं ती जागा) करा. व्हिडिओ आडवा घेतलेला असावा. तो लोड करून लपवा, नाहीतर कॅनव्हासखाली दुसऱ्यांदा दिसतो. आवाज शून्य ठेवा. आवाजाचा व्हिडिओ ब्राउझर सहसा क्लिक केल्याशिवाय सुरू करत नाही. मग क्रिएट-ग्राफिक्सने त्याच मापाचा वेगळा थर बनवा.

खरा खेळ ड्रॉमध्ये, म्हणजे दर फ्रेमला पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि तिथे क्रम चुकवायचा नाही. आधी थर क्लिअरने पुसा. बॅकग्राउंड वापरलं तर थर पूर्ण भरीव होतो आणि नंदी हरवतो. मग थरावर नंदीचं चित्र उमटवा. चार हवे असतील तर चारही आत्ताच. आता त्या थराच्या ड्रॉइंग-कॉन्टेक्स्टचा कॉम्पोझिट मोड (नवं चित्र जुन्यावर कसं बसावं ते ठरवणारी सेटिंग) 'सोर्स-इन' करा आणि थरावर व्हिडिओ उमटवा: आधी जिथे काही काढलेलं आहे तिथेच तो उमटतो. लगेच मोड 'सोर्स-ओव्हर'वर आणा. हे राहिलं तर पुढच्या फ्रेमपासून थरावर काहीच उमटत नाही, आणि माणूस व्हिडिओ फाइलीला दोष देत बसतो. शेवटी मुख्य कॅनव्हास काळा करून त्यावर थर ठेवा. प्रोजेक्टरवर काळा म्हणजे जवळजवळ उजेडच नाही, त्यामुळे भिंतीवर फक्त नंदी दिसतो.

एका चित्राच्या आकारात दुसरं कापणारं तयार मास्क फंक्शनही आहे, पण व्हिडिओसाठी दर फ्रेमला नवी प्रत काढावी लागते. एका फ्रेमचे ९,२१,६०० पिक्सेल. जुना लॅपटॉप धापा टाकतो. स्थिर फोटोला मात्र तेच बरं.

नंदी फ्रेम मोजून सरकवू नका, डेल्टा-टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) सरकवा: सेकंदाला साधारण १२० पिक्सेल. लॅपटॉप मंद असला तरी चाल तीच राहते. उजवीकडून बाहेर गेला की एक्स (त्याची आडवी जागा) उणे नंदीची रुंदी करा, म्हणजे तो डावीकडून पुन्हा येतो. साइनने किंचित वरखाली हलवला तर पोरानं दोरीनं ओढल्यासारखा दिसतो.

तरीही अडखळत असेल, तर सेटअपच्या पहिल्याच ओळीत पिक्सेल-डेन्सिटी (कॅनव्हासच्या एका पिक्सेलला आडवे-उभे स्क्रीनचे किती पिक्सेल) १ करा. बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर ती बहुधा २ असते, म्हणजे काम चौपट.