जत्रेची गर्दी मोजा, माणसांचा माग काढू नका

शेवटच्या वर्षाची पोरं एक प्रोजेक्ट हमखास आणतात: ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा, स्वस्त संगणक-बोर्ड) आणि पॉवर बँक जत्रेच्या कमानीला अडकवायचे, आसपासच्या फोनवरून गर्दी मोजायची. मी अडवत नाही, पण कोड उघडायला लावते.

खिशातला फोन वाय-फाय शोधताना अधूनमधून हाका मारतो. त्या हाकेत मॅक पत्ता असतो, म्हणजे फोनच्या वाय-फायचा आकडे-अक्षरांचा ओळख क्रमांक. काही जुने फोन आधी जोडलेल्या नेटवर्कचं नावही घेतात, मग ते दवाखान्याचं असो की लॉजचं. ते नाव वाचणारी ओळ कोडमधून काढा. ‘नंतर गाळू’ हे चालणार नाही.

आता पत्ता. त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो फोनने बनवलेला तात्पुरता पत्ता. आयफोन २०१४ पासून आणि अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन शोधताना असे पत्ते बदलत राहतात, त्यामुळे एकच माणूस अनेकदा मोजला जातो. जुन्या फोनचा पत्ता मात्र कायमचा. म्हणजे ज्याला नवा फोन परवडत नाही, त्याचाच माग सर्वात पक्का. मला हे फार खटकतं.

“मॅडम, हॅश केलंय ना!” हे ठरलेलं उत्तर. म्हणजे पत्ता गणिती सूत्राने अशा खुणेत बदललाय, की तिच्यावरून तो थेट कळत नाही. पण सगळे शक्य पत्ते त्याच सूत्रातून काढून जुळवता येतात. अहो, पत्त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीचा असतो. उरलेल्या अर्ध्याच्या शक्यता जेमतेम १ कोटी ६८ लाख. साधा लॅपटॉप त्या चहा संपायच्या आत तपासून टाकतो. म्हणून हॅशमध्ये मिसळायचा सॉल्ट, म्हणजे जादा गुप्त आकडा, यादृच्छिक घ्या, तो फक्त रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) ठेवा, दर पंधरा मिनिटांनी बदला आणि जुन्या सॉल्टसकट पत्त्यांची यादी पुसा. एसडी कार्ड लावूच नका. बाहेर जाईल तो फक्त आकडा. तोही दहाच्या खाली असेल तर ‘१० पेक्षा कमी’ एवढंच दाखवा. रात्री दोन वाजता कमानीखाली तिघं होते म्हटलं, की गावाला नावं विचारावी लागत नाहीत.

देवस्थान समितीची परवानगी यंत्र टांगण्यापुरती, लोकांच्या फोनची नव्हे. ठळक मराठीत पाटी लावा: काय मोजतो, काय साठवत नाही, कोणाला विचारायचं. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागातल्या कचराकुंड्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपत होत्या. बोभाटा झाल्यावर तिथल्या पालिकेने ते बंद करायला लावलं. आणि ‘नको असेल तर वाय-फाय बंद करा’ एवढं लिहून सुटका नाही, कारण काही अँड्रॉइड फोन त्यानंतरही शोध चालू ठेवतात.

खरं सांगू? दर्शनबारीत माणसं एकामागोमाग सरकतात, तिथे फोन ऐकायची गरजच नाही. एकापाठोपाठ दोन इन्फ्रारेड सेन्सर लावा. आधी कोणता किरण तुटला त्यावरून आत-बाहेर कळतं, आणि फोन नसलेली आजीही मोजली जाते. फक्त सेन्सर कमरेच्या उंचीवर ठेवा, खाली लावलात तर प्रत्येक पाय वेगळा भाविक होतो.