माळ्यावरचा स्पेक्ट्रम सुरू करताय? या चुका टाळा

माळा आवरताना झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर सापडला की हात शिवशिवतात. टीव्हीला जोडू, मिळेल तो अडॅप्टर लावू, बघू चालतोय का. जरा थांबा. चाळीस वर्षं धूळ खात सुखरूप राहिलेलं मशीन पहिल्या दहा मिनिटांत जळू शकतं. माझं जळलं. मामांनी १९८४ साली इंग्लंडहून आणलेलं, ४८ केचं (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचं), रबरी बटणांचं.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी हा कॉम्प्युटर जाहीर केला. १६ केचा १२५ पौंड, ४८ केचा १७५ पौंड. ब्रिटनमधल्या घरांत तो हॉलमधल्या टीव्हीला आणि पोरांच्या टेपरेकॉर्डरला जोडला जायचा, त्यामुळे तक्रारीही घरगुतीच: टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात, गेम लोड होत नाही, लोड टाइप केलं तर लेट उमटतं. आज जुना स्पेक्ट्रम हाती आलेला माणूस नेमके हेच प्रश्न विचारतो. आपल्याकडे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने बनवायला घेतला, म्हणून क्वचित आपल्याच जुन्या कपाटांतही तो निघतो. बहुतेक वेळा दोष मशीनच्या बाहेर असतो आणि आपण स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीन उघडून बसतो. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

बसतो म्हणून लावलेला अडॅप्टर

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, मूळ अडॅप्टरवर १.४ अँपिअर लिहिलेलं असतं. इथवर सगळं सरळ आहे. गोम अशी की त्याच्या गोल पिनमध्ये आतला भाग मायनस आणि बाहेरचा प्लस असतो. आज घरात मिळणाऱ्या राउटरच्या वगैरे अडॅप्टरमध्ये बहुधा आत प्लस असतो. पिन मात्र छान बसते! मी तेच केलं. एक बारीकसा वास आला आणि संपलं. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग, बदलावा लागला, त्याच्यासोबत एक ट्रान्झिस्टरही.

अडॅप्टरवर गोल आणि ठिपक्याचं छोटं चित्र असतं. ठिपक्याकडून येणाऱ्या रेषेवर मायनस दिसला तरच पुढे जा, आणि तरीही मल्टीमीटर लावून खात्री करा. गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर आत मायनस असलेलेच असतात, पण त्यांतले बरेच अर्धा अँपिअरसुद्धा देत नाहीत. ते नकोत. मूळ अडॅप्टर मिळालाच आणि मीटरवर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. तो साधा ट्रान्सफॉर्मरवाला असतो, मशीन जोडलं की व्होल्टेज खाली येतं. जास्तीचं व्होल्टेज आतला ७८०५ रेग्युलेटर उष्णतेत घालवतो, म्हणून कीबोर्डचा एक भाग गरम लागतो. तोही बिघाड नाही.

पॉवरचं बटण शोधू नका, ते नाहीच. रबरी बटणांच्या मॉडेलला रिसेटही नाही, पिन काढायची आणि पुन्हा घालायची. रिसेटचं बटण १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसला आलं.

चालू मशीनला मागे हात लावणं

मागच्या बाजूला जॉयस्टिकचा इंटरफेस किंवा प्रिंटर जोडायची उघडी पट्टी असते. मशीन चालू असताना तिथे काहीही घालू-काढू नका. खालच्या १६ केच्या मेमरी चिप्सना ५ व्होल्टखेरीज १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, आणि ते बनवणारा छोटा सर्किटचा भाग फार नाजूक आहे. पट्टीवर क्षणभर शॉर्ट झाला की तो जातो आणि जाताना मेमरी चिप्सही नेतो. मग स्क्रीनवर नुसते पट्टे किंवा चौकटी दिसतात. असं मशीन हाती आलं तर चिप्स विकत घेण्याआधी ही तीन व्होल्टेज मोजा.

टीव्हीवर मुंग्या

स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटमधून, यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र पाठवतो. नव्या टीव्हीचं ऑटो ट्यूनिंग डिजिटल चॅनेल शोधत फिरतं आणि काही नाही म्हणून सांगतं. मेनूत अॅनालॉग निवडून हाताने ट्यून करा. चित्र आलं पण टीव्हीतून आवाज नाही? आवाज कधीच टीव्हीतून येत नसे. तो पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो, आणि तो तसाच केविलवाणा असतो.

स्क्रीन काळी होऊन पांढरी झाली आणि खाली १९८२ च्या कॉपीराइटची ओळ आली की निम्मी लढाई जिंकली.

लोड टाइप करायचंच नाही

आता नवखा माणूस एल, ओ, ए, डी अशी अक्षरं दाबतो. एल दाबताच पडद्यावर अख्खा लेट हा शब्द येतो, पुढे उरलेली अक्षरं, आणि एंटर दाबलं की लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. स्पेक्ट्रमवर एका बटणात एक आख्खी आज्ञा असते. कर्सरमध्ये के (K) अक्षर लुकलुकत असेल तर जे (J) अक्षराचं बटण दाबलं की लोड उमटतं. मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं, आणि एंटर. ए (A) म्हणजे न्यू, त्यावर एंटर दाबलं की मेमरी साफ! तासभर खपून टाइप केलेला प्रोग्रॅम असाच जातो, म्हणून आधी सेव्ह, मग बाकीचं.

काही बटणं खरंच दबत नसतील तर मात्र कीबोर्डखालचा प्लास्टिकचा पडदा संपला आहे. त्याच्या पट्ट्या वाळून तडकतात. नवे पडदे मिळतात, जुना चिकटवत बसू नका.

टेप लोडिंग एरर

स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतात आणि टेपरेकॉर्डर तो आवाज वायरने मशीनला ऐकवतो. खरा छळ इथे आहे. पण स्क्रीनची बॉर्डर तुम्हाला सगळं सांगत असते, फक्त ती वाचता आली पाहिजे.

बॉर्डर लाल आणि फिकट निळी अशी संथ पालटत राहिली तर मशीनला काहीच ऐकू येत नाही. वायर इअरच्या सॉकेटमध्ये आहे ना? शेजारीच माइकचं असतं. शिट्टीसारखा सलग आवाज आणि लाल-निळसर सरकते जाड पट्टे आले की सिग्नल पोचला. मग क्षणभर निळे-पिवळे बारीक पट्टे आणि प्रोग्रॅमचं नाव. नावच आलं नाही तर आवाज कमीजास्त करा. मी तीन चतुर्थांशापासून सुरुवात करतो, ट्रेबल पूर्ण, डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) बंद. नाव आलं आणि पुढे मधेच एरर आला तर संशय हेडवर, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या कॅसेट वाचणाऱ्या भागावर. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने ते पुसा.

तरीही जमेना तर हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून हेडची तिरकी बसण सरळ करता येते. विकतची कॅसेट लावा आणि आवाज सर्वांत खणखणीत येईपर्यंत किंचित किंचित फिरवा. पण आधी एक विचार करा: तुमच्या स्वतःच्या जुन्या कॅसेटी त्याच वाकड्या हेडने भरलेल्या असतील तर स्क्रू फिरवल्यावर त्याच वाचता येणार नाहीत. त्यांची आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. ही चूक करणारे पुष्कळ आहेत.

मोबाइलमधून वायरने लोड करणाऱ्यांनी आवाज पूर्ण ठेवावा, इक्वलायझर बंद करावा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. ४८ केचा गेम लोड व्हायला साधारण पाच मिनिटं लागतात आणि चौथ्या मिनिटाला व्हॉट्सअॅपची टिंग झाली की पुन्हा पहिल्यापासून. सेव्ह करताना इअरची वायर काढून ठेवा. इअर आणि माइक अशा दोन्ही वायरी लावल्या तर काही टेपरेकॉर्डरमध्ये सिग्नल गोल फिरतो आणि कॅसेटवर नुसता गोंगाट उतरतो. सेव्ह झाल्यावर व्हेरिफायची आज्ञा देऊन कॅसेटवर नीट उतरलं का ते तपासाच.

सगळं बरोबर असूनही मेमरी अपुरी असल्याचा संदेश आला तर मशीन खरंच ४८ केचं आहे का पाहा. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ असं दिलं की ६५५३५ यायला हवं. ३२७६७ आलं तर ते १६ केचं आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आणि गेममधला माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग घेतो, त्याची तक्रार घेऊन येऊ नका. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावतात, ते असंच दिसायचं.