शार्पनिंग किती करायचं? आधी क्षितिजाची कड बघा

सोलापूरच्या आसपासचं लँडस्केप म्हणजे खाली सपाट माळ, वर भलंमोठं आभाळ आणि मधे क्षितिजाची बारीक रेघ. त्या रेघेवर एखादी बाभूळ, विजेचे खांब, लांबवरची पाण्याची टाकी. फोटो एडिट करताना शार्पनिंग, म्हणजे कडा उठावदार करणं, जास्त झालं तर ते सगळ्यात आधी इथे उघडं पडतं. सह्याद्रीतल्या फोटोत दाट झाडी आणि कातळ असल्यामुळे थोडं कमीजास्त खपून जातं, माळावर ते लपायला जागाच नसते. म्हणून किती शार्प करायचं हे ठरवताना फोटोतला सगळ्यात देखणा भाग बघू नका, सगळ्यात आधी बिघडणारा भाग बघा. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाचा दगड भरपूर शार्प केला तरी छानच दिसतो. त्याच्यामागचं आभाळ तेवढं सोसत नाही, आणि फोटो दोघांचा मिळून एकच असतो.

शार्पनिंगने फोटोत नवा तपशील येत नाही. सॉफ्टवेअर कड शोधतं, तिची गडद बाजू आणखी गडद करतं आणि उजळ बाजू आणखी उजळ. त्यामुळे डोळ्याला कड स्पष्ट वाटते. प्रमाण चुकलं की तो उजळ पट्टा वेगळा दिसायला लागतो. बाभळीच्या फांद्यांभोवती, बुरुजाच्या माथ्यावर, विजेच्या तारेच्या दोन्ही अंगांना पांढरी किनार उमटते.

यावरूनच कळतं की काही फोटो शार्पनिंगने सुधारणारच नाहीत. फोकस चुकलेला, हात हललेला फोटो तसाच राहतो, फक्त त्याच्या पुसट कडा जाड होतात. मे महिन्यातल्या दुपारी लांब लेन्सने माळावरचा फोटो काढला तर तापलेली हवाच थरथरत असते. तिथे एडिटिंगमध्ये वेळ घालवू नका, सकाळी ऊन तापायच्या आत परत जा. एफ/२२ ठेवून, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून काढलेला फोटो डिफ्रॅक्शनमुळे (त्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) मऊ येतो. तो थोडा सावरता येतो, पण एफ/८ किंवा एफ/११ला काढलेल्या फोटोची बरोबरी होत नाही.

शार्पनिंगच्या आधीची कामं

लेन्स करेक्शन आणि कडांवरची जांभळी-हिरवी झाक आधी काढा, नाहीतर ती झाकही शार्प होईल. सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसा, मोकळ्या आभाळात ते ठळक दिसतात. मग नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करा. एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी आणि टेक्श्चर (पोत उठावदार करणारे), डीहेझ (धुरकटपणा काढणारा) हे सगळं उरकल्यावरच शार्पनिंगकडे वळा. क्लॅरिटी आणि डीहेझनेही फोटो जास्त शार्प भासतो. आधी शार्प करून नंतर डीहेझ वाढवलं की दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो.

इथे एक खूण ओळखता आली पाहिजे. १०० टक्के झूम करून क्षितिज बघा. किनार बारीक, एक-दोन पिक्सेलची आणि रेघेसारखी असेल तर ती शार्पनिंगची. किनार रुंद, आभाळात हळूहळू विरत जाणारी असेल तर ती क्लॅरिटी, डीहेझ किंवा शॅडो-हायलाइट फार ओढल्यामुळे आलेली आहे. दुसऱ्या प्रकारात शार्पनिंग शून्यावर आणलं तरी किनार जात नाही. बरेच जण तिथे उगाच शार्पनिंग कमी करत बसतात; फोटो मऊ होतो आणि किनार जागच्या जागी राहते.

चार स्लायडर

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधले आकडे घेऊन सांगतो, कारण बहुतेकांच्या हाताशी तेच असतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडली की अमाउंट ४०, रेडियस १, डिटेल २५ आणि मास्किंग ० असं आधीच लागलेलं असतं. जेपीईजी असेल तर अमाउंट शून्य असतं, कारण कॅमेऱ्याने आत शार्पनिंग करूनच फाइल दिलेली असते. त्यामुळे रॉसाठी जमलेले आकडे जेपीईजीला चिकटवू नका.

प्रत्येक स्लायडर ओढताना कीबोर्डवर ऑल्ट दाबून धरा, मॅकवर ऑप्शन. फोटो काळापांढरा होतो आणि तो स्लायडर नेमकं काय करतोय तेवढंच दिसतं. ही सवय लागली की अंदाजाने ओढाओढ करावी लागत नाही.

रेडियस आधी ठरवा. कडेच्या दोन्ही बाजूंना परिणाम किती लांब जाणार, हे तो सांगतो. गवत, ज्वारीची ताटं, बाभळीचा बारीक पाला असेल तर ०.७ ते ०.८. किल्ल्याची तटबंदी, मोठे दगड असतील तर १ ते १.२. लँडस्केपमध्ये १.५च्या पुढे जायचं कारण सहसा पडत नाही. तिथे किनार जाड व्हायला लागते.

डिटेल वाढवलं की बारीक पोत वर येतो, पण सोबत नॉइजही वर येतो. कमी आयएसओवर (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता कमी ठेवून) काढलेल्या दगड-गवताच्या फोटोला ४० ते ५० चालतं. संध्याकाळी आयएसओ १६००वर काढलेल्या फोटोला २०च्या आसपास थांबा. फार वाढवलं की बाभळीच्या पाल्यात बारीक किड्यांसारख्या वळवळत्या रेघा दिसू लागतात.

मास्किंग हा माळरानाच्या फोटोसाठी सगळ्यात कामाचा स्लायडर, आणि नेमका तोच शून्यावर सोडून दिलेला आढळतो. ऑल्ट दाबून ओढा. पांढरं दिसतं तिथे शार्पनिंग लागतं, काळं दिसतं तिथे लागत नाही. आभाळ पूर्ण काळं होईपर्यंत न्या, पण गवताचा पोत पांढरा राहिला पाहिजे. साधारण ३० ते ६०च्या दरम्यान ती जागा सापडते. आभाळात पांढरे ठिपके उरले असतील तर तो नॉइज आहे. मास्किंग ८०वर नेण्यापेक्षा मागे जाऊन नॉइज कमी करा.

अमाउंट सगळ्यात शेवटी. तो मुद्दाम १००च्या वर न्या, क्षितिजावर किनार नीट दिसू द्या. काय टाळायचंय हे डोळ्याला कळलं की हळूहळू मागे या. किनार दिसेनाशी झाली की तिथून आणखी १० कमी करा. हे १० सोडायचे कारण पुढे एक्सपोर्ट करताना आणखी शार्पनिंग लागणार आहे. रॉ फाइलला बहुतेक वेळा ५० ते ७०मध्ये मुक्काम होतो.

गिंप हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यातल्या अनशार्प मास्क या शार्पनिंगच्या साधनातली ३ची मूळ रेडियस तशीच ठेवू नये. ती ०.८ ते १वर आणा आणि अमाउंट ०.५पासून सुरू करा. रॉ थेरपी या रॉ फाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर शार्पनिंग आहे, ते रेडियस फाइल बघून स्वतः ठरवतं आणि चांगलं ठरवतं.

कुठे आणि किती झूमवर बघायचं

झूम १०० टक्केच. ३३ किंवा ६६ टक्क्यांवर पडदा स्वतः पिक्सेल जुळवत असतो, तिथे दिसणारा मऊपणा किंवा करकरीतपणा खरा नसतो. लॅपटॉपचा पडदा दाट पिक्सेलचा असेल, म्हणजे फोरके किंवा मॅकचा रेटिना, तर १०० टक्क्यांवरही शार्पनिंग कमीच भासतं आणि माणूस वाढवत जातो. तिथे २०० टक्क्यांवर एकदा तपासा.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून सकाळी काढलेला मंदिराचा फोटो समजा. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल, आयएसओ १००. आधी कळसाची आभाळाला टेकलेली कड बघा, किनार असेल तर इथे पहिली दिसेल. मग मोकळं आभाळ बघा, तिथे दाणे उठले तर मास्किंग कमी पडलंय. मग झाडांचा पाला. पानं एकमेकांपासून वेगळी दिसावीत, पण प्रत्येक पानाच्या टोकावर पांढरा ठिपका नको. शेवटी पाणी. प्रतिबिंब मुळातच वरच्या देवळापेक्षा मऊ असतं आणि ते तसंच राहिलं पाहिजे. दोन्ही सारखेच शार्प केले तर पाणी पाणी वाटत नाही, आरसा ठेवल्यासारखं दिसतं. अशा फोटोला अमाउंट ६०, रेडियस ०.८, डिटेल ४० आणि मास्किंग ४५ इथून सुरुवात करा. पाण्यावर ब्रश फिरवून शार्पनेस उणे ३०वर न्या. उणे ५०च्या खाली जाऊ नका. तिथून पुढे शार्पनिंग कमी होण्याऐवजी धूसरपणा वाढायला लागतो.

सगळं झालं की फाइल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. तासभर एकाच फोटोकडे बघितलं की डोळा सरावतो आणि जास्त शार्प फोटोही साधा वाटू लागतो.

फोटो जाणार कुठे

वरचं काम मूळ फाइलसाठी झालं. शेवटचं शार्पनिंग फोटो छोटा-मोठा केल्यावर करायचं असतं. ६००० पिक्सेलचा फोटो २०४८वर आणला की बारीक कडा मऊ पडतात. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये आउटपुट शार्पनिंग आहे: स्क्रीन, मॅट पेपर, ग्लॉसी पेपर आणि लो, स्टँडर्ड, हाय. नेटवर टाकायला स्क्रीन-स्टँडर्ड पुरे. गवताने भरलेला फोटो असेल तर लो घ्या. छोट्या आकारात गवत आधीच टोचतं, त्यात जेपीईजी दाबली गेली की चौकोनी डाग पडतात.

प्रिंटचं गणित वेगळं. शाई कागदात थोडी पसरते, म्हणून पडद्यावर किंचित जास्त वाटणारं शार्पनिंग प्रिंटमध्ये बरोबर बसतं. मॅट कागद आणि कॅनव्हास शाई जास्त पितात, त्यांना ग्लॉसीपेक्षा जास्त लागतं. मात्र किती जास्त, हे पडद्याकडे बघून ठरवता येत नाही. त्यासाठी छोटी प्रिंट काढून बघणं हाच खात्रीचा उपाय.

१२×१८ इंची प्रिंट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे ३६००×५४०० पिक्सेल. फोटो त्या आकारात आणा. त्यातला एकच महत्त्वाचा तुकडा निवडा, ज्यात क्षितिज, थोडं आभाळ आणि थोडं गवत असेल: ६०० पिक्सेल रुंद, १२०० उंच. त्याच्या तीन प्रती करा, एकीला लो, दुसरीला स्टँडर्ड, तिसरीला हाय शार्पनिंग द्या. तिन्ही शेजारी शेजारी लावल्या की १८००×१२०० होतात, म्हणजे नेमकी ६×४ची एक प्रिंट. कोपऱ्यात १, २, ३ आकडे टाका आणि ज्या कागदावर मोठी प्रिंट हवीय त्याच कागदावर ही काढून घ्या. लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा आणि फाइलचा आकार बदलू नका. नाहीतर त्यांचं मशीन वरून आपलं शार्पनिंग लावतं आणि तुमची चाचणी वाया जाते. प्रिंट हातात नाकाजवळ धरून बघू नका. भिंतीवर लावा, दोन फुटांवर उभे राहा, खिडकीच्या उजेडात बघा. तिन्हींतली जी नैसर्गिक वाटेल तिचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच लॅबच्या त्याच कागदाला तोच चालतो, कागद बदलला की चाचणी परत.

मोबाइलच्या फोटोला शक्यतो हात लावू नका. फोनने आतच भरपूर शार्पनिंग केलेलं असतं, १०० टक्क्यांवर झूम केलं की तारांभोवती किनार दिसतेच. स्नॅपसीड या मोबाइल अॅपमध्ये डिटेल्समधलं शार्पनिंग १० ते १५च्या पुढे नेऊ नका. त्याच्या शेजारचं स्ट्रक्चर माळाच्या फोटोत आभाळ मळकट करतं, ते शून्यावर ठेवा. फोन रॉ देत असेल तर रॉ घ्या आणि वरचे आकडे कमी करून वापरा. आणि तयार फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि समोरच्याला दिसणारी धार तुम्ही ठरवलेली नसते.