मॉर्मन शेजाऱ्यांना दागिना द्यायचा असेल तर

गेल्या जूनमध्ये एक मराठी जोडपं आमच्या दुकानात आलं. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीचा शनिवारी बाप्तिस्मा होता आणि तिच्यासाठी त्यांनी पुण्याहून येताना सोन्याचा नाजूक क्रॉस आणला होता. मागच्या बाजूला तिचं नाव कोरून हवं होतं. मी डबी उघडली आणि म्हटलं, "ताई, कोरून देते, पण आधी दोन मिनिटं बसा."

मी हुपरीची. पैंजणाच्या कड्या झाळायला वडिलांच्या शेजारी बसून शिकले. आता अकरा वर्षं अमेरिकेतल्या युटामध्ये, लीहाय गावाजवळ, दुरुस्तीच्या बाकावर बसते. इथले बरेच शेजारी मॉर्मन, म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या चर्चचे. लीहाय हे नावही त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं. इकडे नोकरीला आलेल्या आपल्या लोकांना शेजाऱ्यांकडून बाप्तिस्म्याची, लग्नाची, मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, निघणाऱ्या मुलाच्या निरोपाची आमंत्रणं येतात आणि सगळे एकच विचारतात : काय द्यावं?

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. हे लोक दागिन्याला ताईत मानत नाहीत. अंगठीत शक्ती आहे, ती संकट टाळेल, असा त्यांचा भाव नसतो. माझी आजी काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची. यांचे दागिने म्हणजे तशी गाठ. म्हणून दुकानात शिरण्याआधी विचारा, की त्या माणसाने आयुष्यात कुठलं पाऊल टाकलं आहे. दागिना त्यावरून ठरतो.

आठ वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी डोळे मिटून सी टी आर अंगठी घ्या. 'चूझ द राइट', म्हणजे जे योग्य ते निवड, याची ही तीन आद्याक्षरं. छोटी ढाल, बहुतेक वेळा हिरवी, आणि तिच्यावर ही अक्षरं. या चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. मूल आठ वर्षांचं झालं की आपल्या कृतीला आपण जबाबदार, हे त्याला कळतं असं मानतात, आणि मगच त्याला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. म्हणून 'निवड' हा शब्द त्या वयाला इतका नेमका बसतो. मुलांसाठीची 'प्रायमरी' ही संस्था १८७८ मध्ये युटातल्या फार्मिंग्टनला ऑरेलिया स्पेन्सर रॉजर्स यांनी सुरू केली. तिच्या वर्गांसाठी ही अंगठी १९७० मध्ये आली. लहान मुलांना शिकवण दिसायला, हाताला लागायला हवी, एवढाच साधा हेतू. पन्नास वर्षांत ती मोठ्यांच्या बोटांवरही गेली. गेल्या वर्षी एक आजोबा झिजून गुळगुळीत झालेली अंगठी घेऊन आले होते. अक्षरं पुन्हा खोल करून हवी होती. मी विचारलं, नवी का घेत नाही? ते म्हणाले, ही बायकोने दिलेली. मी दोन तास लावून ती अक्षरं उठवली.

आता कारागीर म्हणून सांगते. स्वस्त अंगठी उघड्या वळ्याची असते, दाबून लहान-मोठी करता येते. पितळी असेल तर बोट हिरवं पडतं. ऐपत असेल तर ९२५ चांदीची घ्या. पण माप आधीच मुलीच्या आईकडून काढून घ्या, कारण ढालीवरचा हिरवा रंग पुष्कळदा खरा मीना नसून राळेचा असतो. वळं कापून झाळायला ज्योत लावली, की तो करपतो. टंगस्टनच्या अंगठीचं माप तर बदलताच येत नाही. स्टीलचीही मी हातात घेत नाही.

मिशनला निघालेल्या मुलाला किंवा मुलीलाही हीच अंगठी देता येते, पण ज्या भाषेत ते काम करणार त्या भाषेतली शोधा. स्पॅनिशमध्ये तिच्यावर एच एल जे असतं, फ्रेंचमध्ये सी एल बी. पोर्तुगीजमध्ये मात्र तीच सी टी आर अक्षरं राहतात, कारण त्यांनी वाक्यच तसं जुळवलं आहे : 'कोन्सेर्व्हा तुआ रोता', आपली वाट सोडू नकोस. ब्राझीलला निघालेल्या एका मुलाला मी हे सांगितलं, तेव्हा त्याची आई माझ्या बाकापाशीच रडायला लागली. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. आईसाठी काही घ्यायचं असेल, तर मिशनरीच्या काळ्या नावपट्टीच्या आकाराचं छोटं पदक मिळतं. अनेक जणी मूल परत येईपर्यंत ते गळ्यातून काढत नाहीत.

आता क्रॉस. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ख्रिस्ती आहेत म्हणजे क्रॉस चालेलच. एकोणिसाव्या शतकात चाललाही असता. त्या काळच्या मॉर्मन बायकांचे गळ्यात क्रॉस असलेले फोटो आहेत. १९१६ मध्ये चर्चचेच बिशप चार्ल्स निबली यांनी सॉल्ट लेक सिटीच्या एन्साइन पीक टेकडीवर मोठा क्रॉस उभारायची कल्पना मांडली होती. विरोध झाला आणि तो उभा राहिला नाही. पुढे १९५७ मध्ये अध्यक्ष डेव्हिड ओ. मकाय यांनी मुलींनी क्रॉसचा दागिना घालणं योग्य नाही असं मत दिलं. ही कॅथलिकांची रीत आहे, असं त्यांचं म्हणणं. १९७५ मध्ये चर्चचे एक नेते गॉर्डन हिंक्ली यांनी त्याचं कारण आणखी खोलवर नेलं. क्रॉस मरणाऱ्या ख्रिस्ताची खूण आहे आणि आमचा संदेश जिवंत ख्रिस्ताचा आहे. मग तुमची खूण कोणती? आमच्या माणसांचं जगणं, असं त्यांचं उत्तर होतं. हे उत्तर मला फार आवडतं. चर्चने २०२० मध्ये अधिकृत चिन्ह घेतलं, तेही कमानीखाली हात पसरून उभ्या असलेल्या ख्रिस्ताचं, थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या पुतळ्यावरून.

अलीकडे काही तरुण मुली माझ्याकडे स्वतःचा क्रॉस साखळीत ओवायला आणतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण ती त्यांची निवड. तुम्ही भेट म्हणून देऊ नका. त्या जोडप्याला मी हेच सांगितलं. त्यांनी तो क्रॉस वसईतल्या मैत्रिणीच्या लेकीच्या पहिल्या कम्युनियनसाठी राखून ठेवला आणि मुलीसाठी चार नंबरची चांदीची सी टी आर नेली.

पुरुषांसाठी मोरोनाय देवदूताची टायपिन मिळते. सॉल्ट लेक सिटीतल्या त्यांच्या मंदिरावरची मूळ मूर्ती सायरस डॅलिन यांची, १८९२ मध्ये बसवलेली. तांब्याचा पत्रा ठोकून घडवलेली, वर सोन्याचा मुलामा. हुपरीच्या मुलीला अशा कामापुढे मान खाली घालावीशी वाटते. १८ मार्च २०२० च्या भूकंपात तिच्या हातातली तुतारी निखळली, तेव्हा आमच्या दुकानातले सगळे तो फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. मात्र या देवदूताची ते पूजा करत नाहीत. तो वार्ता देणारा.

किल्लीला अडकवायची बारीक तेलकुपीही चांगली भेट. आजाऱ्याला आशीर्वाद देताना डोक्यावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावतात, ते तेल तिच्यात ठेवतात. कुपी रिकामीच द्या, कारण तेलाची प्रार्थना त्यांचे पुरोहितपदावरचे पुरुष करतात. झाकणातली रबरी चकती तपासून घ्या, नाहीतर खिसे तेलकट होतात.

घरातल्या बाईंना मधमाश्यांचं पोळं किंवा गव्हाची ओंबी चालते. 'डेझरेट' हा 'बुक ऑफ मॉर्मन'मधला मधमाशीचा शब्द. पोळं म्हणजे सगळ्यांनी मिळून राबणं. ते युटाच्या झेंड्यावरही आहे, म्हणून चर्चमध्ये न जाणाऱ्या शेजाऱ्यालाही बिनधास्त देता येतं. गहू रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चच्या महिला संस्थेच्या, बायकांचा. १८७६ पासून एमलिन वेल्स यांच्या पुढाकाराने त्यांनी दुष्काळासाठी धान्य साठवलं आणि पहिल्या महायुद्धात त्यातलं दोन लाखांहून जास्त बुशेल (धान्याचं एक अमेरिकन माप) सरकारला विकलं. ओंबीचा ब्रोच देताना एवढं सांगितलंत, तर समोरचीचा चेहरा बघा.

मंदिराच्या आतल्या विधींच्या किंवा पवित्र वस्त्रांवरच्या खुणा दागिन्यावर कोरायला कधीही सांगू नका. मी ते काम घेत नाही. लग्नाची भेट स्वागतसमारंभात द्या, कारण मंदिरात फक्त परवाना असलेले सभासदच जातात. अंगठ्या घालणं हा तिथल्या विधीचा भागही नाही, ते नंतर करतात.

डबीवरच्या चिठ्ठीत 'मॉर्मन' शब्द लिहू नका. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव वापरा असा आग्रह धरला आणि बऱ्याच जणांना तो शब्द आता खटकतो. मुलीचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि खाली तुमची नावं, तीही देवनागरीत. इथे ती अक्षरं कोणाला वाचता येत नाहीत, पण ती जपून ठेवतात, हे मी पाहिलं आहे.