पावसाळ्यात जनावराचा आजार धारेच्या वेळीच ओळखा

पेरणी-कोळपणीच्या धांदलीत गोठ्याकडे नीट बघणं होत नाही, आणि घटसर्प, फऱ्या, तिवा हे आजार नेमके याच दिवसांत येतात. जनावर बसकण मारेपर्यंत थांबलात, तर डॉक्टरच्या हातातही फारसं काही उरत नाही. पहिली खूण बहुतेक वेळा धार काढतानाच दिसते. दूध एकदम उतरतं, गव्हाणीत वैरण तशीच पडलेली असते, नाकपुडी कोरडी पडते, रवंथ थांबतं. घरात धार बायका काढत असतील आणि त्यांनी "आज म्हशीचं काहीतरी बिनसलंय" असं म्हटलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका.

अशा वेळी आधी ताप मोजा. कानाला हात लावून केलेला अंदाज चुकतो. साधा थर्मामीटर दोरा बांधून गुदद्वारात आतल्या बाजूला टेकेल असा तिरपा धरा, मिनिटभर ठेवा. मोठ्या जनावराचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. उन्हातून आलेल्या म्हशीचं थोडं चढलेलं दिसेल, म्हणून सावलीत थोडा वेळ बांधून मग मोजा. त्यानंतर डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत पोटाची दोन-तीन वेळा हालचाल जाणवली पाहिजे.

ताप १०४ च्या पुढे असेल, लाळ गळत असेल आणि श्वास जड झाला असेल, तर घटसर्प समजूनच धावपळ करा. गळा सुजून घरघर लागेपर्यंत वाट पाहणं हीच यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रतिजैविकाचं इंजेक्शन तापाच्या सुरुवातीला उपयोगी पडतं, सूज आल्यावर जनावर क्वचितच वाचतं आणि बऱ्याचदा एका दिवसात जातं. म्हशींना हा आजार जास्त होतो. सुजेवर डाग देऊन काहीही साधत नाही, वेळ जातो आणि जनावराचे हाल होतात. आजारी जनावर लगेच वेगळं बांधा, त्याचं उष्टं पाणी-वैरण दुसऱ्याला घालू नका. लस पावसाआधीच टोचलेली बरी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. राहिली असेल, तर निरोगी जनावरांना आता तरी टोचून घ्या.

लंगडण्यात मात्र गल्लत होते. सहा महिने ते दोन वर्षांचं, अंगानं चांगलं भरलेलं खोंड किंवा कालवड अचानक लंगडू लागली आणि खांद्यावर किंवा मांडीवर सूज आली, ती दाबल्यावर चरचर आवाज आला, तर तो फऱ्या. इथेही तास मोजायचे, दिवस नाही. तिव्यात तशी सूज नसते. ताप येतो, अंग आखडतं, आज या पायानं तर उद्या त्या पायानं लंगडतं, आणि बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत उठतात. पण तिव्यात घशाचे स्नायू लुळे पडू शकतात. तोंड वर करून काढा किंवा औषध पाजलं, तर ते फुप्फुसात जातं आणि तिव्यातून वाचलं असतं ते जनावर न्यूमोनियानं दगावतं. पडून असलेल्या जनावराला नळकांड्यानं काहीही पाजू नका.

ताप नसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. नुकतीच व्यालेली दुधाळ गाय कान थंड पडून, मान पोटाकडे वळवून बसली असेल, तर तो कॅल्शियमच्या कमतरतेचा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार असतं. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरनेच द्यावं, घाईनं दिलं तर हृदय बंद पडू शकतं.

संकरित गाईला ताप असून लघवी कॉफीसारखी लाल झाली, तर गोचीड तापाची शंका घ्या, कासेभोवती आणि कानात गोचीड शोधा.

मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोनवर ताप किती, चारा कधी सोडला, लस कधी दिली, गाभण आहे का, एवढं सांगा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मागू नका, जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. प्रतिजैविक दिलं असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा आजार असू शकतो. कातडं काढू नका, फाडू नका, आधी दवाखान्याला कळवा. त्यांच्या सल्ल्यानं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.