सुनेला कुठे बसवायचं? व्हिडिओ कॉलवरून वाचाघाताची तपासणी

सुरगाण्याहून नाशिकच्या गंगापूर रोडला माझ्याकडे वाचा-उपचाराला यायचं म्हणजे घरच्यांचा अख्खा दिवस मोडतो. पेशंटचा उजवा हात-पाय साथ देत नाही, त्याला एसटीत चढवा, उतरवा, वर सोबतच्या दोघांची मजुरी बुडते. म्हणून वाचाघाताची, म्हणजे अफेझियाची (मेंदूला इजा झाल्यामुळे बोलणं, समजणं, लिहिणं-वाचणं बिघडतं त्याची), पहिली तपासणी मी आता बहुतेकदा व्हिडिओ कॉलवर करते. हाताखाली शिकायला आलेली मुलं विचारतात, ‘मॅडम, फोनवर काय कळणार?’ कळतं. फक्त आपण पेशंटला तपासतोय, की रेंजला आणि शेजारी बसून मदत करणाऱ्या सुनेला, हे आधी वेगळं करावं लागतं.

आदल्या दिवशी घरच्यांना साधा फोन करा. चष्मा आहे का, ऐकू कमी येतं का, शाळा कितवीपर्यंत, सही करायचे की अंगठा, हे सगळं विचारून घ्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात पेन धरला नाही, त्यांना लिहिता येत नाही म्हणून वाचाघात ठरवणारा रिपोर्ट मी पाहिलेला आहे. घरात कुठली भाषा चालते हेही विचाराच. कळवण-सटाण्याकडे अहिराणी असते. मुलीचा फोटो दाखवल्यावर पेशंट ‘आंडेर’ म्हणाला, तर ते बरोबर उत्तर आहे. पत्ता आणि शेजारच्या एखाद्याचा नंबर लिहून ठेवा. कॉल चालू असताना चेहरा अचानक वाकडा झाला किंवा पेशंट गळपटला, तर तपासणी तिथेच सोडून 108 लावायला सांगायचं.

फोन कुणी हातात धरायचा नाही. पिठाच्या डब्याला टेकवा, पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर. उजेड समोरून हवा. दाराकडे पाठ करून बसवलं की तोंड काळं दिसतं आणि ओठ कसे हलतात ते समजत नाही. टीव्ही बंद, आणि कुकर नंतर लावा म्हणावं. स्क्रीनवर एका वेळी एकच चित्र ठेवा. निवडायला दोन-तीन चित्रं द्यायचीच असतील, तर ती शेजारी-शेजारी नकोत, एकाखाली एक ठेवा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं अर्धं दिसत नाही. असा माणूस दर वेळी डावीकडच्याच चित्रावर बोट ठेवतो आणि आपण लिहितो, ‘शब्द समजत नाही’.

आता सुनेचं. सुरुवातीच्या काळात इगतपुरीकडच्या एका आजींना मी हो-नाहीच्या दहा प्रश्नांत दहापैकी दहा दिले आणि ‘आकलन उत्तम’ लिहून मोकळी झाले. महिन्याभराने त्या समोर येऊन बसल्या, तेव्हा दहात जेमतेम पाच आले. मान हलवून नुसता अंदाज मारला तरी एवढे येतातच. झालं असं होतं की सून फोनच्या मागे उभी राहून स्वतःची मान हलवत होती. तिच्या मनात काही नव्हतं. सासूबाईंना कुणी वेडं म्हणू नये, एवढंच. चूक माझी, ती कॅमेऱ्याबाहेर आहे हे मी चालवून घेतलं.

तेव्हापासून मदतनीस पेशंटच्या बाजूला, पण अर्धा हात मागे बसतो. मला त्याचा चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, पेशंटला दिसता कामा नयेत. आधीच सांगून टाकते, ‘ताई, आज ते चुकले तर मला बरंच वाटेल. कुठे चुकतात ते शोधायलाच बसलेय.’ हे ऐकलं की घरच्यांचे खांदे सैल होतात.

हो-नाहीचे प्रश्न जोडीने विचारा. ‘तुमचं नाव सखाराम का?’ आणि पाचेक प्रश्नांनंतर खरं नाव घालून तेच. दोन्हीला ‘हो’ आलं तर तो हो धरायचा नाही. मान नेमकी कशी हलली ते मोबाइलवर कळत नसेल, तर वहीच्या पुठ्ठ्यावर बरोबरची हिरवी खूण आणि चुकीची लाल फुली काढून घ्या, बोट ठेवू दे. स्वतःकडेही लक्ष ठेवा. ‘डोळे मिटा’ म्हणताना आपले डोळे मिटतात, ‘वर बघा’ म्हणताना हनुवटी उचलली जाते. पेशंटला शब्द समजला की नक्कल केली, हे मग देवालाच ठाऊक.

म्हटलेलं पुन्हा म्हणून दाखवणं, हा भाग रेंज सगळ्यात जास्त बिघडवते. सुरुवातीला मदतनिसाबरोबर एक ते दहा आळीपाळीने मोजा: मी एक, तो दोन. उत्तर किती उशिरा पोचतं याचा अंदाज येतो, आणि तेवढा उशीर पेशंटच्या खात्यावर टाकायचा नाही. ‘पोळी’चं ‘गोळी’ पेशंटने केलं की नेटवर्कने? यावर माझा उपाय साधा आहे. पेशंटची संमती घेऊन दुसरा मोबाइल त्याच्याजवळ ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करून, आणि फाइल नंतर मागवायची. मार्क ती ऐकून द्यायचे. जीभ जड झाल्यामुळे उच्चार अस्पष्ट आहेत का, हे मात्र त्यावरूनही मी छातीठोकपणे सांगत नाही.

वस्तूंची नावं विचारायला खऱ्या वस्तू बऱ्या. किल्ली, कंगवा, चमचा अशा दहा-बारा वस्तू घरच्यांना एका पिशवीत भरून ठेवायला सांगा, म्हणजे नाव सुचलं नाही तर हातात देऊन बघता येतं. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा, पिशवीत मुलाने छाटणीची कात्री टाकलेली. बाबांनी ती डाव्या हातात घेतली, बोटं बरोबर दांड्यांवर बसली, दोनदा हवेत चालवली आणि म्हणाले, ‘खरड... खरड.’ मुलगा हसला, ‘मॅडम, एप्रिलची छाटणी म्हणतायत.’ कात्री हा शब्द आला नाही, म्हणून मार्क शून्य. पण ‘खरड’ जसंच्या तसं लिहून ठेवा. वस्तू ओळखली, तिचं काम माहीत आहे, जवळचा शब्दही हाताशी आला. थेरपी कुठून सुरू करायची ते त्या एका शब्दात आहे. ‘का...’ एवढा पहिला आवाज मी दिल्यावर कात्री आलीसुद्धा. हा आवाज द्यायचा तो आपण, मुलाने नाही.

उत्स्फूर्त बोलण्यासाठी ‘आजारी कसे पडलात, सांगा’ पुरतं. वार किंवा आकडे ओळीने म्हणता आले म्हणून हुरळू नका. ते पाठांतर असतं, वाचा गेलेल्या माणसाकडूनही घडाघडा निघतं.

वेस्टर्न अफेझिया बॅटरी या वाचाघाताच्या इंग्रजी चाचणीत याच चार गोष्टी मोजतात: उत्स्फूर्त बोलणं, आकलन, पुन्हा म्हणणं, नाव सांगणं. शंभरपैकी 93.8 च्या खाली आकडा गेला की वाचाघात धरतात. ही चाचणी व्हिडिओवर घेतली तर मार्क समोरासमोरच्या मार्कांशी चांगले जुळतात, असं 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. पण प्रश्न आयत्या वेळी मराठीत फिरवून त्यावर तो 93.8 लावू नका. रिपोर्टात चाचणी व्हिडिओवर झाली, मदतीला कोण होतं, कॉल किती वेळा तुटला, हे लिहा. खाताना ठसका लागतो असं कुणी म्हणालं, तर त्यांना मात्र प्रत्यक्षच बोलवा.

चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका. शेवटी मी पेशंटलाच विचारते, घरच्यांना नाही, ‘दमलात का?’ निफाडच्या बाबांनी हिरव्या खुणेवर बोट ठेवलं, मग तोच पुठ्ठा उचलून फोनच्या तोंडावर धरला. बाकीचं वाचन-लेखन आम्ही गुरुवारी घेतलं.